त्यांच्यापर्यंत खबर पोहोचते का?

मोहल्ल्यात कुणाचा इंतकाल झाला की मशिदीच्या माइकवरून ऐलान होतो. मय्यतीचे नाव, जनाज्याच्या नमाजची वेळ, कब्रस्तान. दोन मिनिटांत सगळ्या गल्लीला कळते. रमजान जवळ आला की सहरी-इफ्तारचे वेळापत्रक व्हॉट्सॲपवर येते. हिरवा रंग, वर मिनार आणि चंद्रकोर, खाली दोन-चार दुकानांच्या जाहिराती. तेही दोन मिनिटांत सगळ्या घरांत पोहोचते. आपल्या समाजात खबर लवकर पसरते, याचे आपल्याला कौतुकही असते.

पण 'सगळ्यांना कळले' असे आपण म्हणतो, तेव्हा त्या सगळ्यांत कोण कोण असते? माइकवरचा ऐलान ज्याला ऐकूच येत नाही, त्याला शेजाऱ्याचे घर रिकामे दिसल्यावर कळते की माती देऊन लोक परतलेसुद्धा. आणि वेळापत्रकाचे ते सुंदर चित्र ज्याला दिसत नाही, त्याच्या बोलक्या फोनवर ते उघडले तरी फोन बहुतेक वेळा 'चित्र' एवढेच सांगून गप्प बसतो. सहरी किती वाजता संपते हे त्याला पुन्हा कुणाला तरी विचारावेच लागते. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. पण दोन माणसे खबरीच्या बाहेर राहतात, हेही खरे.

२०११ च्या जनगणनेत देशातील अपंग व्यक्तींची संख्या सुमारे २ कोटी ६८ लाख नोंदली गेली. त्यात दृष्टीची अडचण असलेले सुमारे ५० लाख आणि ऐकण्याची अडचण असलेलेही सुमारे ५० लाख होते. महाराष्ट्रात सर्व प्रकारचे मिळून साडेएकोणतीस लाखांहून अधिक अपंग होते. शिवाय घरोघरी असे आजोबा असतात ज्यांना चार वेळा हाक मारावी लागते, आणि अशी दादी असते जिला मोतीबिंदूमुळे औषधाच्या पट्टीवरचे नाव वाचता येत नाही. त्यांना कुणी अपंग म्हणत नाही, तेही स्वतःला म्हणवून घेत नाहीत. पण अडचण तीच असते. म्हणून हा विषय दुसऱ्या कुणाच्या घरचा नाही.

मागायला नव्हे, विचारायला

अंध माणूस म्हटले की आपला हात आधी खिशाकडे जातो. सदका देणे चांगलेच आहे. पण आपल्या दीनमध्ये अंध व्यक्तीचा जो सर्वांत प्रसिद्ध प्रसंग आहे, त्यात पैशाचा काही संबंध नाही.

मक्केत प्रेषित मुहम्मद (स.) कुरैशच्या सरदारांशी बोलत होते. त्याच वेळी हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) तेथे आले. ते अंध होते. त्यांनी दीनविषयी विचारायला सुरुवात केली. महत्त्वाचे बोलणे चालू असताना मध्ये पडलेला तो प्रश्न त्या क्षणी प्रेषितांना (स.) रुचला नाही. या प्रसंगावर सूरह अबसच्या सुरुवातीच्या आयती उतरल्या. जो शिकण्याच्या ओढीने धावत आला आहे त्याच्याकडे लक्ष द्यावे, मग समोर कितीही मोठे सरदार बसलेले असोत, हा धडा कयामतपर्यंत वाचला जाईल अशा जागी लिहिला गेला.

इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) काय मागायला आले होते? धान्य नाही, कपडा नाही, दिरहम नाही. ते माहिती मागायला आले होते.

पुढे मदीनेत काय झाले ते तर अधिकच बोलके आहे. हजरत बिलाल (रजि.) आणि इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) असे दोघे अजान देत. बिलाल (रजि.) रात्र असतानाच अजान देत, तोवर खाणेपिणे चालू ठेवण्याची मुभा होती. इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) यांची अजान झाली की रोजा सुरू होई. ज्यांना पहाट दिसत नव्हती, त्यांच्याकडे पहाटेची खबर देण्याचे काम होते. ते कसे जमत असे? हदीसमध्ये त्याचे साधे उत्तर आहे. पहाट झाली की लोक त्यांना तसे सांगत, मग ते अजान देत.

आम्हाला वाटते, आजचा सगळा विषय या एका गोष्टीत आला. कुणीतरी एक वाक्य सांगितले आणि एका अंध माणसाने साऱ्या शहराचा रोजा सुरू केला. त्यांना कुणी हाताला धरून कोपऱ्यात बसवले नाही, की तुझ्यासाठी आम्ही करू असे म्हटले नाही. त्यांना जी माहिती डोळ्यांनी मिळत नव्हती ती कानांनी दिली, बाकीचे त्यांनी स्वतः केले. प्रेषित (स.) मदीनेबाहेर जात तेव्हा मागे नमाज पढवण्याची जबाबदारीही त्यांच्यावर सोपवत असत.

अंधांना जागा मिळाली, कर्णबधिर राहून गेले

या धड्यातून मुस्लिम समाजात एक चांगली परंपरा उभी राहिली. अंध हाफिज, अंध कारी, अंध आलिम आपल्याला नवे नाहीत. चौदाव्या शतकात सफदी नावाच्या लेखकाने नामवंत अंध व्यक्तींच्या चरित्रांचा एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. त्यात बगदादच्या झैनुद्दीन आमिदी यांची हकीकत आहे. ते विद्वान होते आणि पुस्तकांचा व्यवहारही करत. कागदाची बारीक वळी करून तिला अक्षराचा आकार देत आणि पुस्तकाला चिकटवत. त्या अक्षरांवरून बोट फिरवले की पुस्तकाची किंमत कळे. फ्रान्समध्ये लुई ब्रेल यांचा जन्म १८०९ साली झाला, त्याच्या सुमारे पाचशे वर्षे आधीची ही गोष्ट. विसाव्या शतकात इजिप्तचे ताहा हुसैन लहानपणीच दृष्टी गमावूनही नामांकित लेखक झाले आणि १९५० ते १९५२ या काळात देशाचे शिक्षणमंत्री होते. त्यांचे शिक्षण गावातल्या मक्तबमध्ये, ऐकून ऐकून कुरआन पाठ करण्यापासून सुरू झाले होते.

पण या परंपरेकडे नीट पाहिले तर तिची एक बाजू रिकामी दिसते. आपले दीनी शिक्षण मुळात कानांचे आहे. उस्ताद म्हणतो, मूल मागोमाग म्हणते. जुम्याचा खुतबा ऐकायचा, अजान ऐकायची, बयान ऐकायचे, तरावीह ऐकायची. म्हणून अंध मूल मक्तबमध्ये सहज सामावून जाते, कधी डोळस मुलांच्या पुढेही जाते. ज्याला ऐकू येत नाही ते मूल मात्र दारातच थांबते. ते रुकू करते, सजदा करते, कारण ते दिसते. त्यामागचा अर्थ त्याला कुणी सांगितलेला नसतो. वीस-पंचवीस वर्षांचे होईपर्यंत सगळ्यांबरोबर रोजे धरणारा आणि 'का?' हे माहीत नसणारा तरुण आपल्या आसपास असू शकतो.

यात आपल्या घरांची एक खास अडचण आहे. कर्णबधिर मूल ओठांच्या हालचालींवरून थोडेफार समजून घेते. घरी अम्मीचे ओठ उर्दू किंवा दखनी बोलतात, कोकणात असेल तर कोकणी. विशेष शाळेत बाईंचे ओठ मराठी बोलतात. मक्तबमध्ये अरबी. ऐकू येणाऱ्या मुलाला चार भाषा म्हणजे चार खिडक्या. ज्याला प्रत्येक शब्द ओठांवरून अंदाजाने पकडायचा आहे, त्याच्यासाठी त्या चार भिंती होतात. शिवाय अनेक उच्चार ओठांवर सारखेच दिसतात. आरशासमोर 'पाच' आणि 'बाच' म्हणून पाहा, फरक दिसणार नाही.

या भिंतीत दरवाजा आहे तो सांकेतिक भाषेचा. हातवारे म्हणजे नुसता मूकाभिनय, हा आपला गैरसमज आहे. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचा शब्दसंग्रह आणि स्वतःचे व्याकरण आहे. २०१५ साली दिल्लीत तिच्या संशोधन आणि प्रशिक्षणासाठी राष्ट्रीय केंद्र सुरू झाले. त्याने २०१८ मध्ये तीन हजार शब्दांचा कोश काढला, आणि २०२१ पर्यंत तो दहा हजार शब्दांवर गेला. कर्णबधिर मुलाचे शब्द जेव्हा हातांवर येतात, तेव्हा घरातल्यांनीही ते शिकायला हवेत. नाहीतर शाळेत बोलके असणारे मूल घरी येऊन मुके होते. मुंबईत वांद्र्याला वाक् व श्रवण अपंगत्वासाठी १९८३ पासून राष्ट्रीय संस्था आहे. महाराष्ट्राचे राज्यपाल असलेले अली यावर जंग यांचे नाव तिला दिलेले आहे. लहान मुलाला ऐकू येत नसल्याची शंका आली तर 'बोलेल हळूहळू' म्हणत वर्षे घालवू नयेत. जवळच्या सरकारी रुग्णालयात लवकर तपासणी करून घ्यावी. भाषा शिकण्याची पहिली वर्षे परत मिळत नाहीत.

'कबूल' कुणी म्हणायचे?

माहिती न पोहोचण्याने खरे नुकसान कोठे होते, याचे एक उदाहरण देतो. कर्णबधिर मुलीचा निकाह आहे. वकील आणि दोन गवाह आत येतात. मुलाचे नाव, मेहरची रक्कम सांगून विचारतात. मुलगी खाली पाहत बसलेली असते. खाला तिच्या खांद्याला हात लावते, मुलगी मान हलवते, सगळे म्हणतात मुबारक. तिला नेमके काय कळले? मेहर किती, रोख की उधार, हे तिच्यापर्यंत कुणी पोहोचवले?

फिकहचा नियम या बाबतीत स्पष्ट आहे. जो बोलू शकत नाही त्याचा समजण्याजोगा इशारा बोलण्याच्या जागी धरला जातो. एकोणिसाव्या शतकात उस्मानी राज्यात हनफी फिकहच्या आधारे 'मजल्ला' ही कायद्याची संहिता तयार झाली, तिच्या सुरुवातीच्या नियमांमध्येही हे तत्त्व आहे. म्हणजे शरीअतने तिचा इशारा मान्य केला आहे. पण इशाऱ्याला अर्थ तेव्हाच असतो, जेव्हा प्रश्न तिला कळलेला असतो. ती वाचू शकत असेल तर मुलाचे नाव आणि मेहर मोठ्या अक्षरांत लिहून तिच्या हातात द्या. सांकेतिक भाषा जाणणारी शिक्षिका किंवा मैत्रीण त्या वेळी शेजारी बसवा. दहा मिनिटे जास्त लागतील. निकाहात इतकी घाई कुणाला असते?

हीच गोष्ट नजर गेलेल्या वडिलांची. बक्षीसपत्र, बँकेचा फॉर्म, घराचा करार पुढे ठेवून 'अब्बा, इथे अंगठा' म्हटले जाते. कागद आधी पूर्ण वाचून दाखवावा, जमल्यास घराबाहेरच्या माणसाकडूनही वाचून घ्यावा. विश्वास असला तरी वाचावा. वाचून दाखवणे म्हणजे अविश्वास नव्हे, तो त्यांचा हक्क आहे.

बोटांची लिपी आणि बोलका फोन

ब्रेल लिपीत एका घरात सहा ठिपके असतात. ते उठवण्याच्या त्रेसष्ट तऱ्हा होतात आणि त्यांत अक्षरे, अंक, विरामचिन्हे बसवली आहेत. आपल्या देशात १९५१ साली सर्व भाषांसाठी 'भारती ब्रेल' ठरवण्यात आली. तिची एक गंमत उर्दू-मराठी घरांना आवडेल. मराठीचा 'म', उर्दू-अरबीचा मीम आणि इंग्रजीचा एम या तिघांचे ठिपके एकच. 'ल' आणि लाम एकच, 'ब' आणि बे एकच. कागदावर उर्दू उजवीकडून आणि मराठी डावीकडून चालते. ब्रेलमध्ये उर्दू आणि अरबीसुद्धा डावीकडूनच वाचतात. डोळ्यांना परक्या वाटणाऱ्या लिप्या बोटांखाली एकमेकींच्या शेजारी येतात. कुरआनही ब्रेलमध्ये मिळते. जाड कागदामुळे त्याचे अनेक मोठे खंड होतात, पण वाचणारा स्वतःच्या बोटांनी तिलावत करू शकतो.

आज मात्र बरेच अंध तरुण फोनवर वाचतात. स्मार्टफोनमध्ये पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सोय आधीपासूनच असते, सेटिंगमध्ये जाऊन ती सुरू करावी लागते. पण ती अक्षरे वाचते, अक्षरांचे चित्र नाही. आपली अडचण इथेच आहे. लग्नपत्रिका, जलशाचे पोस्टर, शिष्यवृत्तीची सूचना, बहुतेक सारे चित्र करून पाठवले जाते. उर्दू मजकूर तर नस्तालीक सुंदर दिसावी म्हणून जवळजवळ नेहमीच चित्र असतो. उपाय फुकट आहे. चित्र पाठवा, पण त्याखाली तोच मजकूर साध्या अक्षरांत टाइप करा.

ऐकू न येणाऱ्यांसाठीही फोन कामाचा झाला आहे. समोरच्याचे बोलणे त्याच क्षणी पडद्यावर अक्षरांत उमटवणारी ॲप मोफत मिळतात आणि मराठी-उर्दूतही चालतात. गोंगाटात चुका होतात, तरी डॉक्टरकडे किंवा बँकेत त्यांचा मोठा आधार होतो.

पैशांची ओळख हीही माहितीच. नव्या शंभराच्या नोटेवर उठावाचा त्रिकोण आणि कडेला चार तिरक्या रेषा आहेत. पाचशेच्या नोटेवर वर्तुळ आणि पाच रेषा. दोनशेच्या नोटेवर चार रेषांमध्ये दोन छोटी वर्तुळे. लांबीही शंभरपासून पाचशेपर्यंत वाढत जाते. वीस रुपयांचे नाणे बारा कोनांचे आहे. नोटा जुन्या झाल्या की उठाव झिजतो, म्हणून रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी 'मनी' नावाचे ॲप आणले. नोट कॅमेऱ्यासमोर धरली की ते किंमत बोलते. घरात कुणाला दिसत नसेल तर आज रात्रीच हे करून दाखवा. दुकानात जाऊन स्वतः पैसे मोजून देण्याचा आनंद काय असतो, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसेल.

कायदाही बाजूने आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने माहिती सुलभ रूपात मिळवून देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. छापील पुस्तके अंधांसाठी ब्रेल किंवा ध्वनिरूपात आणण्याची मोकळीक २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने दिली. याच विषयावरचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये मोरोक्कोतील मराकेश शहरात झाला, आणि २०१४ मध्ये त्याला सर्वांत आधी मंजुरी देणारा देश भारत होता. २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'सुगम्य पुस्तकालय' या ऑनलाइन ग्रंथालयातून अशी पुस्तके मिळतात. आपल्या मुलांचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढलेले नसेल तर ते आधी काढावे. परीक्षेतला लेखनिक, जादा वेळ आणि अनेक योजनांची वाट तिथूनच जाते.

एकच नियम

इतके सगळे लक्षात ठेवणे अवघड वाटत असेल तर एकच नियम पाळावा. जे बोलले ते लिहा, जे लिहिले ते बोला. बाकी सारे त्यातूनच निघते.

जमातीच्या जबाबदार मंडळींनी जनाज्याचा ऐलान माइकवर केला की तोच मजकूर लगेच टाइप करून पाठवावा. वेळापत्रकाच्या चित्राबरोबर टाइप केलेला मजकूर आणि एखाद्याच्या आवाजातले रेकॉर्डिंगही पाठवावे. काही ठिकाणी इफ्तारच्या वेळी मिनारावर दिवा लावतात. तो दिवा म्हणजे ऐकू न येणाऱ्याची अजान आहे, तो चालू ठेवावा आणि नसेल तिथे सुरू करावा. जुम्याच्या बयानाचे दहा-बारा ओळींचे सार लिहून दारात लावावे, पण वाक्ये लहान असावीत, कारण अनेक कर्णबधिरांसाठी लिखित मराठी किंवा उर्दू ही दुसरी भाषा असते. नमाजच्या सफेत त्यांना मधोमध उभे करावे. सजद्यात असताना इमामची तकबीर ऐकू येत नाही, शेजाऱ्याचा खांदा हलला की कळते. स्त्रियांच्या इज्तिमात आवाज पडद्याआडून स्पीकरवर येतो, तेथे कर्णबधिर बहिणीला काहीच मिळत नाही. तिच्याजवळ बसून मुख्य मुद्दे लिहून देणारी एक मुलगी नेमली तरी पुष्कळ होईल.

शिक्षकांनी फळ्याकडे तोंड करून बोलू नये. लिहून झाल्यावर वळावे, मग बोलावे, आणि फळ्यावर लिहिलेले मोठ्याने वाचावे. एवढ्याने वर्गातली दोन्ही मुले बरोबर चालतात, आणि मागच्या बाकावरच्या सगळ्यांचाच फायदा होतो.

घरात ऐकू न येणाऱ्याशी बोलताना समोर, उजेडात बसावे. ओरडू नये, ओरडल्याने ओठ वेडेवाकडे होतात. 'जाऊ दे, काही नाही' हे वाक्य घरातून काढून टाकावे. सगळे हसतात आणि दादा विचारतात काय झाले, तेव्हा 'काही नाही' असे उत्तर मिळणे हा त्यांच्यासाठी रोजचा घाव असतो. न दिसणाऱ्याशी बोलताना आधी आपले नाव सांगावे. 'तिकडे ठेवलंय' म्हणू नये, 'तुमच्या उजव्या हाताला' म्हणावे. ताट वाढल्यावर घड्याळाप्रमाणे सांगावे : भात बारा वाजता, सालन तीन वाजता, लोणचे नऊ वाजता. सकाळच्या गोळ्यांच्या पट्टीला एक रबर, रात्रीच्या पट्टीला दोन. खर्च शून्य, आणि दादीला औषधासाठी कुणाची वाट पाहावी लागत नाही.

हा अंकही घरात वाचला जात नसलेल्या माणसाला वाचून दाखवा. आणि येत्या जुम्याला मशिदीतून बाहेर पडल्यावर चार जणांनी मिळून एक काम करावे. आपल्या मोहल्ल्यात खबर कुणाकुणापर्यंत पोहोचत नाही, त्यांची नावे लिहून काढावीत. पुरुषांची लिहाल तशी स्त्रियांचीही लिहा, मुलांचीही, म्हाताऱ्यांचीही. मग प्रत्येक नावासमोर एका माणसाचे नाव लिहावे, जो ऐलान झाला की लगेच त्यांना कळवील. इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) यांना पहाट झाल्याचे सांगणाऱ्या त्या लोकांची नावे आपल्याला माहीत नाहीत. त्यांचे काम मात्र आजही करण्यासारखे आहे. अल्लाह आपल्याला त्याची तौफीक देवो. आमीन.